ज्येष्ठांची वसाहत आणि बानाखतात नसलेला प्रश्न





आमच्या मंडळीतलं एक वयस्कर जोडपं शहराबाहेर, खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या नव्या वसाहतीत राहायला चाललं आहे. काका ७८ वर्षांचे, काकू ७४ च्या. मी बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात नोकरी काढली, म्हणून त्यांनी बानाखत वाचायला माझ्याकडे आणलं. दोन संध्याकाळी बसून आम्ही कलम न् कलम वाचलं. शेवटचं पान उलटल्यावर काकूंनी विचारलं, “हे सगळं ठीक आहे गं. पण उद्या मला काही झालं, तर तिथून मला आपल्या कबरस्तानात आणणार कोण?”

याचं उत्तर बानाखतात नव्हतं. बिल्डरने ते द्यावं अशी अपेक्षाही नाही. ते आपण द्यायचं आहे, म्हणून हे पत्र. वडोदऱ्यातली आपली आणखी काही घरं आज हाच विचार करत आहेत. तेव्हा जाण्याआधी काय पाहावं आणि कुणी गेल्यावर आपण मागे राहिलेल्यांनी काय करावं, दोन्ही लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करू. रविवारी उपासनेनंतर कुजबुज झालीच, “मुलगा कॅनडात बसलाय आणि आईबापांना वृद्धाश्रमात टाकलं.” असं बोलू नये. वृद्धाश्रम म्हणजे काय हे आपल्याला चांगलं माहीत आहे. फ्रान्समध्ये १८३९ साली जीन जुगान या बाईंनी एका अंध म्हातारीला आपल्या घरी आणून स्वतःचं अंथरूण दिलं. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला आणि १८८२ मध्ये तो कोलकात्यात आला. ज्यांना कोणी नाही, त्यांची ती सेवा आहे आणि तीही मानाचीच आहे. ज्येष्ठांची वसाहत हा वेगळा प्रकार. इथे माणूस स्वतःच्या पैशाने फ्लॅट घेतो, स्वतःच्या किल्लीने दार उघडतो आणि जेवण, साफसफाई, डॉक्टर, रात्रीची मदत यांचे महिन्याला पैसे भरतो. पुण्याची ‘अथश्री’ मराठी घरांत ठाऊक आहे, तसाच हा मामला.

आणि जावं का लागतं? काका-काकूंचं टेनामेंट विश्वामित्रीच्या बाजूला, सखल भागात. झोपायची खोली वर, स्वयंपाकघर खाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट. खालच्या मजल्यावर पाणी भरलं, वीज गेली, आणि ही दोघं दोन दिवस वर अडकून पडली. शेजारच्या मुलांनी गच्चीवरून दूध-पाव पोचवला. मुलगा तिकडून फोन करून करून रडकुंडीला आला. त्या पावसानंतर काका म्हणाले, “आता जिना आणि पाणी, दोन्ही झेपत नाही.” यात मुलाने टाकलं कुठे आणि आईबाप हरले कुठे?

ही एका घराची गोष्टही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ च्या अहवालात २०५० साठी अंदाज दिला आहे तो ३४ कोटी ७० लाखांचा, म्हणजे पाचात एक माणूस ज्येष्ठ. बिल्डर लोकांना हे आपल्याआधी कळलं, एवढंच.

आता कागदाकडे वळते.

पहिली गोष्ट. रेरा कायदा इमारतीची राखण करतो, वरणभाताची नाही. प्रकल्प गुजरात रेराकडे नोंदलेला आहे का, हे वेबसाइटवर दिसतं. बानाखत नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, त्याच प्रकल्पासाठी ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्यावर. हे सगळं चांगलं आहे. पण जेवण कोण देणार, नर्स रात्री असणार की फक्त दिवसा, सेवा देणारी कंपनी निघून गेली तर पुढे काय, हे वेगळ्या करारात असतं किंवा नुसत्या रंगीत पुस्तिकेत असतं. पुस्तिका म्हणजे करार नव्हे. जे तोंडी सांगितलं ते लेखी घ्या.

केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा घरांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बिल्डर, सेवा देणारा आणि घर घेणारा अशा तिघांच्या कराराची कल्पना आहे. पण त्या सूचनाच आहेत, सक्ती नाही. महाराष्ट्राच्या रेराने मे २०२४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. दारं ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाईल, न घसरणाऱ्या फरशा, रॅम्प, बाथरूममध्ये संकटाची घंटा, अशा अटी ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांच्या विक्री करारात घालायला सांगितल्या. आपण त्या यादीचा कागद हातात घेऊन बिल्डरकडे जावं आणि म्हणावं, हे आमच्याही बानाखतात लिहा. सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना सोफा बघू नका. बाथरूमच्या दाराला टेप लावून बघा.

दुसरी गोष्ट महिन्याच्या खर्चाची. समजा आज दोघांचं जेवण-देखभाल १५,००० रुपयांत होतंय. दरसाल ७ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी तेच साधारण २९,५०० होतील. रेल्वेतून निवृत्त झालेल्याचा महागाई भत्ता वाढतो, त्याचं निभेल. पण आपल्यातले पुष्कळ जण खासगी कारखान्यांतून निवृत्त झाले. त्यांची ईपीएफची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, आणि किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे. म्हणून फ्लॅटची किंमत परवडते का हा अर्धाच हिशेब झाला. वयाच्या ८८ व्या वर्षी महिन्याचं बिल परवडेल का, हे विचारा. दोघांतलं एक गेलं तर बिल अर्धं होतं का, तेही विचारा. आणि एक अवघड प्रश्न: स्मरणशक्ती गेली, अंथरुणाला खिळलो, तर इथेच ठेवणार की “दुसरीकडे न्या” म्हणणार? अनेक वसाहती स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठीच असतात. काकांच्या कागदात याबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही ती मागून घेतली.

तिसरी गोष्ट आपल्या ताटाची. इथल्या पुष्कळ वसाहतींत सामाईक स्वयंपाकघर शाकाहारी असतं. त्यात वाईट काही नाही, रोज आयतं वरणभात-भाजी मिळणं ही म्हातारपणी देणगीच आहे. पण नाताळला स्वतःच्या ओट्यावर मटण शिजवता येईल का, क्लबहाउसमध्ये महिन्यातून एकदा प्रार्थनासभा घेता येईल का, हे सही करण्याआधी विचारावं. बंगाली किंवा कोकणी शेजाऱ्याचाही माशांबद्दल हाच प्रश्न असतो. आधी विचारलं तर भांडण होत नाही.

चौथी गोष्ट वारशाची, आणि इथे आपल्या लोकांचं फार नुकसान होतं. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असली, तर बायकोला एक तृतीयांश मिळतं, दोन तृतीयांश मुलांना. फ्लॅट एकट्या काकांच्या नावावर असता, तर उद्या काकू स्वतःच्या घरात तिसऱ्या हिश्शाच्या मालकीण झाल्या असत्या. मुलगा चांगला आहे, पण कायदा मुलगा चांगला की वाईट ते बघत नाही. फ्लॅट दोघांच्या नावाने घ्या. तेवढ्यानेही भागत नाही, कारण गेलेल्याचा हिस्सा वारसांतच वाटला जातो. म्हणून दोघांनी मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचं आहे त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला, साक्षीदार करू नका, नाहीतर ते देणं रद्द होतं. आणि सोसायटीच्या फॉर्मवरचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मी काउंटरवर हजारदा सांगितलं असेल.

पाचवी गोष्ट जुन्या घराची. ते विकून नवं घ्यायचं असेल तर वेळ हाताशी ठेवा. १९९१ चा अशांत धारा वडोदऱ्याच्या बऱ्याच भागांना लागू आहे. तिथे विकण्याआधी कलेक्टरची परवानगी लागते. “महिन्यात पैसे येतील” असं धरून नव्या फ्लॅटचा हप्ता कबूल करू नका. आणि जुनं घर मुलांना बक्षीस द्यायचं असेल, तर “आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर” हे शब्द दस्तावेजात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळलं नाही तर ते बक्षीस रद्द करून मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट असायला हवी असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये एका आईला तिची मालमत्ता परत देताना हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. तरी कोर्टाच्या उदारपणावर विसंबण्यापेक्षा एक ओळ लिहिलेली बरी.

इतकं सगळं पाहिलं की कागद पक्का होतो. पण काकूंचा प्रश्न तसाच राहतो.

मला तो का टोचला, सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्यातली एक विधवा बहीण अशीच लांब राहायला गेली. पहिले तीन महिने रिक्षाने उपासनेला यायची. मग महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी. मग नाहीच. आम्ही म्हणालो, “तिकडे छान सोय आहे तिची, काळजी नाही.” वर्षाची वर्गणी राहिली म्हणून यादीत तिच्या नावापुढे खूण झाली. ती गेल्याचं आम्हाला चार दिवसांनी कळलं. तिच्या शेजारच्या गुजराती कुटुंबाने सगळं नीट केलं, देव त्यांचं भलं करो. आमच्यापैकी तिथे कोणी नव्हतं. त्या यादीवर खूण करणाऱ्यांत मीही होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतली कुरकुर आहे. ती शिकवणुकीवरून झालेली नाही. रोजच्या वाटणीत काही विधवा राहून जात होत्या, त्यावरून झाली. प्रेषितांनी “त्यांचं त्या बघतील” म्हटलं नाही, सात माणसं नेमली. म्हणजे चांगल्या मनाने काम होत नाही, माणूस नेमावा लागतो, हे मंडळीला पहिल्याच पिढीत कळलं होतं.

तेव्हा पाळकसाहेबांना आणि कमिटीला माझी विनंती आहे. शहराबाहेर राहायला गेलेल्या ज्येष्ठांची वेगळी यादी करा. त्यात फोन, औषधं, जवळचा नातेवाईक आणि त्यांची शेवटची इच्छा लिहून ठेवा. महिन्यातून एकदा प्रभुभोजन त्यांच्या घरी न्या. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी पाळीपाळीने रविवारी आणायचं-सोडायचं काम घ्या. एका घराच्या वाट्याला दोन महिन्यांतून एकच रविवार येईल. साठीच्या पुढे वर्गणीवरून कोणाचं नाव कापू नका. आणि त्या वसाहतीत कॅथलिक असोत, गुजराती मंडळीचे असोत, सगळे मिळून नाताळची गाणी म्हणायला जाऊ, शेजारच्या सगळ्यांना बोलावू. उद्या रात्री-बेरात्री दार ठोठावणारे तेच असणार आहेत.

काकूंना मी लेखी उत्तर दिलं आहे. त्यांच्या फाइलमध्ये, बानाखताच्या मागे, एक साधा कागद लावला. त्यावर मंडळीतल्या तीन घरांची नावं आणि फोन नंबर आहेत. पहिलं नाव माझं. माझं वय ६६, म्हणून उरलेली दोन नावं मुद्दाम तरुण घरांची घेतली. काकूंनी चष्मा लावून नंबर मोठ्याने वाचून बघितले, एक चुकला होता तो दुरुस्त करायला लावला, आणि मग सामान बांधायला काढलं.

आपली बहीण,
मंडळीची एक सभासद, वडोदरा