फुटलेली गलबते आणि उरलेली माणसे

बेलीझ हा मध्य अमेरिकेतील एक चिमुकला देश. 1973 पर्यंत त्यास ब्रिटिश होंडुरास म्हणत. 1981 साली तो स्वतंत्र झाला. आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांचा त्याच्याशी संबंध आला असेल. तथापि त्या देशाच्या किनाऱ्यावर डांग्रिगा नावाचे जे गाव आहे, तेथे दरवर्षी 19 नोव्हेंबरच्या पहाटे जे घडते ते नवगावच्या वंशजांनी अवश्य जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. म्हणून या वेळच्या सदरात त्याचीच हकीकत देत आहोत.

त्या पहाटे समुद्रावरून होड्या येतात. होड्यांत वृद्ध असतात, बायका असतात, मुले असतात. अंगावर जुन्या धाटणीचे कपडे. सोबत माडाच्या झावळ्या, ढोल, स्वयंपाकाची भांडी, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची निशाणे आणि कसाव्याच्या रोपाच्या काड्या. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. किनाऱ्यावर सारे गाव लोटलेले असते. होड्या वाळूला लागल्या की गाणी व ढोल यांच्या गजरात माणसांना उतरवून घेतात आणि मग मिरवणूक थेट चर्चमध्ये जाते, उपकाराची प्रार्थना करण्यासाठी. होडीतली माणसे व काठावरची माणसे एकाच गावची, एकमेकांची शेजारी. आदल्या रात्री एकत्र जेवलेली. तरीही त्या घटकेला काठावरच्यांचे डोळे भरून येतात, कारण होडीतून आपले पणजोबा उतरत आहेत असेच ते पाहत असतात. या देखाव्याला ‘युरुमेन’ म्हणतात.

हे लोक गारिफुना. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून आणलेल्या माणसांचे आणि कॅरिबियन बेटांवरील मूळच्या रहिवाशांचे हे वंशज. त्यांच्या परंपरेप्रमाणे 1635 साली गुलामांनी भरलेली दोन गलबते सेंट व्हिन्सेंट बेटाजवळ फुटली, त्यांतून वाचलेले आफ्रिकन किनाऱ्याला लागले, तेथील लोकांनी त्यांना आसरा दिला आणि त्या संगमातून हा समाज जन्मला. इतिहासकार म्हणतात की एवढेच नव्हे, आसपासच्या बेटांवरील मळ्यांतून निसटलेले गुलामही हळूहळू त्यांना येऊन मिळाले. ते खरेच असणार. पण आजी नातवाला सांगते ती गोष्ट गलबताचीच. युरुमेन हे त्यांच्या भाषेत त्या सेंट व्हिन्सेंटचेच नाव.

फुटलेले गलबत, अनोळखी किनारा, मूठभर वाचलेली माणसे! ही कथा आपल्याला नवी नाही. नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत लागल्या आणि जे बुडाले त्यांना तेथेच पुरले, ही कथा आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो. आपल्याही कथेला इतिहासकारांनी प्रश्न विचारले आहेत. सन कोणता, गलबत कोठून निघाले, सात म्हणजे खरोखर सातच का. ते प्रश्न विचारले जावेत. तरी कादीश म्हणताना आपल्या मनात जो समुद्र असतो तो नवगावचाच.

साम्य येथेच संपत नाही. 1763 साली सेंट व्हिन्सेंट इंग्रजांच्या हाती गेले. ऊसमळेवाल्यांना बेटावरची सुपीक जमीन हवी होती आणि ती गारिफुनांकडे होती. तेव्हा एक युक्तिवाद पुढे आला: हे काळे लोक म्हणजे खरे कॅरिब नव्हेत, हे उपरे, खरे कॅरिब उजळ वर्णाचे, म्हणून या काळ्यांचा जमिनीवर हक्क नाही. गारिफुनांचा नायक सातुये 14 मार्च 1795 रोजी लढाईत पडला. (2002 पासून तो दिवस सेंट व्हिन्सेंटमध्ये राष्ट्रीय वीरांचा दिवस म्हणून पाळतात.) पुढे पराभूत समाजाला बालिसो नावाच्या निर्जल खडकाळ बेटावर कोंडण्यात आले. तेथे माणसांची वर्णावरून निवड झाली. उजळ दिसले ते परत पाठवले, काळे दिसले ते ठेवले. ठेवलेल्या चार-पाच हजारांपैकी निम्मे रोगराईने व उपासमारीने गेले. उरलेल्यांना जहाजांत भरून एप्रिल 1797 मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडून देण्यात आले. तेथे पोचले ते सुमारे 2000. तेथून ते मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर पसरले आणि 1832 साली त्यांची एक मोठी तुकडी होड्यांतून आजच्या बेलीझमध्ये आली. 19 नोव्हेंबरची पहाट ती.

‘तुम्ही खरे तेच कशावरून?’ हा प्रश्न चेहऱ्याकडे पाहून विचारला जातो तेव्हा कसे वाटते, हे आपल्या पिढीला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. 1964 साली क्नेसेतने ठराव करून तो विषय मिटवला, पण त्या आधीची दोन-तीन वर्षे लग्नाच्या दाखल्यासाठी आपल्या मुलामुलींना आज्यापणज्यांची वंशावळ सिद्ध करावयास लावत होते. बालिसोची हकीकत वाचताना आम्हांस त्या दिवसांची आठवण झाली. दुःखाची तुलना करू नये. गारिफुनांचे दुःख रक्ताचे होते, आपले अपमानाचे. प्रश्न मात्र एकाच जातीचा. आणि काळ्या वर्णाची माणसे आपल्याला परकी का वाटावीत? आपल्या पूर्वजांची कित्येक गावे जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्यात होती. ते राज्यकर्ते आफ्रिकी वंशाचेच होते. राजपूरकर, नांदगावकर ही आडनावे मिरवणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

आता मुखवट्यांविषयी. नाताळपासून 6 जानेवारीपर्यंत गारिफुना पुरुष ‘वानारागुआ’ नावाचे मुखवट्यांचे नृत्य घरोघरी करीत जातात. इंग्रजी वसाहतींत गुलामांना नाताळात जी थोडी सुट्टी मिळे, त्या सुट्टीतल्या ‘जंकुनू’ नाचाशी याचे नाते आहे. डोक्यावर पिसांचा, आरशांचा व रंगीत फितींचा मुकुट, गुडघ्यांना शिंपल्यांच्या माळा, आणि तोंडावर तारेच्या बारीक जाळीचा मुखवटा. आफ्रिकेच्या मुखवट्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वाटेल की हाही कोणा पूर्वजाचा किंवा श्वापदाचा चेहरा असेल. तसे नाही. त्या जाळीवर रंगवलेला असतो तो गुलाबी गालांचा, कधी बारीक मिशीचा युरोपीय साहेब! पूर्वजांचा मान राखण्यासाठी त्यांच्या छळकाचा चेहरा चढवावयाचा आणि मग त्या चेहऱ्याला आपल्या तालावर नाचवावयाचे, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या बुद्धीला आम्ही मनोमन वंदन करतो. एक आख्यायिका अशीही आहे की युद्धकाळात गारिफुना योद्ध्यांनी बायकांचा वेष घेऊन इंग्रज शिपायांना चकविले आणि त्याचीच ही आठवण. आणखी एक गंमत. आपल्याकडे नाचणारा ढोलाचा ताल पकडतो. वानारागुआत मुख्य ढोलकऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पायांवर खिळलेली असते आणि पाय जसे पडतील तसा त्याने ढोल वाजवावयाचा.

मुखवटा म्हटला की आपल्यापैकी धर्मनिष्ठ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. हिब्रूत मुखवट्याला ‘मसेखा’ म्हणतात. आपली नातवंडे पुरीमच्या आधी बाजारातून आणतात तीच मसेखा. पण तोरात हाच शब्द ओतीव मूर्तीसाठी आला आहे. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी जे वासरू घडविले गेले ते ‘एगेल मसेखा’. एकच शब्द एका बाजूला लेकरांच्या खेळाला आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत मोठ्या पापाला लावला जातो. ज्याची पूजा होते ती एक मसेखा आणि ज्याची थट्टा होते ती दुसरी, असा भेद आम्ही आमच्यापुरता करतो. वानारागुआचा साहेब कोणी पूजीत नाही. पुरीमला आपले वाडवडील कोकणात ‘होळीचा सण’ म्हणत. हामानाची जी गत आपण करतो तीच गत गारिफुना त्या गुलाबी चेहऱ्याची करतात.

मात्र गारिफुनांच्या प्रत्येक चालीशी आपली चाल जुळेल असे नाही, आणि ते लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्वजांसाठी त्यांचा सर्वांत मोठा विधी म्हणजे ‘डुगू’. घरातील कोणी असाध्य दुखण्याने पडले आणि पूर्वज रुष्ट आहेत असे ‘बुयेई’ने, म्हणजे त्यांच्या पुरोहिताने, सांगितले की तो करावयाचा. अमेरिकेत पांगलेले नातलगही त्यासाठी गावी परततात. काहीजण होड्या घेऊन बेटांवर मासे व खेकडे धरावयास जातात व पहाटे परततात. मोठ्या शाकारलेल्या मंडपात तीन ढोल कित्येक दिवस वाजत राहतात. पूर्वजांपुढे अन्नाची रास मांडली जाते आणि नाचता नाचता कोणाच्या अंगात पूर्वज येतो. मृतांना विचारणे देवारीम ग्रंथात आपल्याला स्पष्ट मना केले आहे, तेव्हा तो मार्ग आपला नव्हे. येथे आम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहतो. पण पादत्राणे काढून.

कारण पूर्वज घरी येतात ही भावना आपल्याकडे अगदीच नव्हती असे कोणी म्हणू नये. दार फळणीच्या सणाच्या, म्हणजे योम किपूरच्या, दुसऱ्या दिवसाला आपली जुनी माणसे ‘शिळा सण’ म्हणत. आदल्या दिवसांत घरी येऊन गेलेल्या वाडवडिलांचे आत्मे त्या दिवशी परत जातात असे मानीत आणि गोरगरिबांना दानधर्म करीत. आता ते नाव तरी किती घरांतून ऐकू येते? आपली मलिदा मात्र टिकली. पोहे, खोबरे, साखर, वेलदोडा, भोवती फळे आणि मुखी एलियाहू हन्नबीचे स्मरण. ते अन्न मृतांसाठी नसते. आपण उपकार मानतो ते एकाच परमेश्वराचे. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. डुगूमध्ये पूर्वजांच्या शांतवनाचे जे नृत्य असते त्याचे नाव ‘माली’. ध्वनी ऐकून कोणी उत्साही वाचक माली व मलिदा यांची सोयरीक जुळवील, म्हणून आधीच बजावून ठेवतो: दोन्ही शब्दांचा काडीचाही संबंध नाही. वर्गात अशी व्युत्पत्ती लावणाऱ्या मुलांचे आम्हांस कौतुक वाटते, पण गुण देता येत नाहीत.

खरा संबंध आहे तो दुसरीकडे. 19 नोव्हेंबरचा हा सण अनादी नाही. तो थॉमस व्हिन्सेंट रामोस नावाच्या एका गृहस्थाने 1941 साली सुरू केला, म्हणजे होड्या लागल्यानंतर 109 वर्षांनी. त्या काळी गारिफुनांची भाषा व चालीरीती यांना प्रतिष्ठा नव्हती. रामोस यांनी लोकांना एकत्र केले आणि सरकारदरबारी खेटे घातले. 1943 पासून दक्षिणेकडील जिल्ह्यांत त्या दिवशी सुट्टी मिळू लागली. 1977 पासून सबंध देशात. रामोस 1955 साली वारले. 2001 मध्ये युनेस्कोने गारिफुनांची भाषा, नृत्य व संगीत यांना मानवजातीचा अमोल वारसा म्हणून जाहीर केले.

त्यांतही भाषेचा उल्लेख पहिला, हे लक्षणीय आहे. गारिफुना दिसतात आफ्रिकी, पण त्यांची भाषा आसरा देणाऱ्या बेटवासीयांची. तिच्यात बहुतेक अंक फ्रेंच! आपले तरी काय? प्रार्थना हिब्रूत, ओवी मराठीत. ज्यांनी किनाऱ्यावर जागा दिली त्यांचीच भाषा आपली माय झाली. 1980 साली अँडी पालासिओ नावाचा बेलीझचा तरुण साक्षरता मोहिमेसाठी निकाराग्वात गेला. तेथील गारिफुना वस्तीत त्याला आढळले की भाषा फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे आणि तरुण तोंडून ती ऐकताच त्या म्हाताऱ्यांचा कानांवर विश्वास बसत नाही. त्याने पुढे आयुष्यभर त्याच भाषेत गाणी केली. 2007 सालचा त्याचा ‘वातिना’ हा गीतसंग्रह जगभर वाखाणला गेला. 2008 च्या जानेवारीत अवघ्या 47 व्या वर्षी तो निवर्तला.

निकाराग्वातील त्या म्हाताऱ्यांच्या जागी आपल्या लोदच्या, दिमोनाच्या, अश्दोदच्या आज्यांना बसवून पाहावे. आपल्या समारंभांत भाषणे होतात, सत्कार होतात, गाणी लागतात, जेवण तर उत्तमच असते. नवगावची कथा मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही. ती सर्वांना ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो. येथे जन्मलेल्या मुलांना विचारून पाहावे. काही सांगतील, पुष्कळ गप्प राहतील.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या तू बिश्वातला जेथे जेथे मलिदा होईल, तेथे ताटे वाटण्यापूर्वी दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने किंवा मुलीने उभे राहून नवगावची कथा मराठीत सांगावी. होडी नको, वेष नको, मुखवटा तर नकोच. पाच मिनिटे पुरेत. शेवटी त्या मुलाने आपले कोकणातले गाव कोणते ते सांगावे. ज्यांना देवनागरी येत नाही त्यांना हिब्रू अक्षरांत लिहून द्यावे. हिब्रूत ‘ळ’ नाही, त्यामुळे ‘नारळ’चा ‘नारल’ होईल; होऊ द्यावा, आजी दुरुस्त करील. मूल मध्येच अडखळले तर मोठ्यांनी घाईने पुढचे वाक्य पुरवू नये. डांग्रिगाच्या ढोलकऱ्याप्रमाणे थोडे थांबावे.

यासाठी वीसेक ओळींचा एक सोपा मजकूर आम्ही तयार करीत आहोत. परंतु ही कथा प्रत्येक घरात थोडी निराळी सांगितली जाते, हे आम्ही जाणतो. आपल्या आजीने गलबत कोठून निघाल्याचे सांगितले होते, वाचलेल्यांना प्रथम कोणी पाणी दिले असे ती म्हणे, बुडालेल्यांपैकी कोणाची काही खूण तिने सांगितली होती काय, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी हनुक्कापूर्वी संपादकांच्या पत्त्यावर कृपया चार ओळी लिहून पाठवाव्यात. शुद्धलेखनाची चिंता करू नये.