नुसत्या कंदाचा फोटो नको



बांध खणताना, परसात अनोळखी कंद निघतो अन् ग्रुपवर फोटो येतो: "हे काय हाय? खाता येतं का?" आमचं मत असं की नुसत्या कंदावरून कुणी ओळख सांगू नये. सांगितली तरी मानू नये.

कळलावीचंच बघा, काही जण तिला खड्यानाग म्हणतात. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. पण खणताना तुकडा पडला की रताळंच वाटतं. त्यात कोल्चिसिन हे विष आहे, शिजवूनही जात नाही. काही तासांनी उलट्या, जुलाब लागतात, जीवही जातो. तिथं "जरा चाखून बघू" चालत नाही.

खरी ओळख जमिनीच्या वर. पानाचं टोक बारीक होऊन आधाराला गुंडाळतं, फूल लाल-पिवळं, जाळासारखं. म्हणून उपटायच्या आधी पाना-फुलासकट फोटो काढा. फूल नसेल तर भाद्रपदापर्यंत थांबा, घाई कशाची? (घरात ठेवली की भांडणं लागतात म्हणे, ते सोडा. तमिळनाडूत हिचं बी औषधासाठी पिकवतात.)

कुणी खाल्लंच तर ग्रुपवर विचारत बसू नका. त्रास सुरू व्हायची वाटही बघू नका. उरलेला कंद पिशवीत घ्या अन् थेट बीडचं जिल्हा रुग्णालय नाहीतर अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना गाठा.