घरोघरी चावी, गावात पेटी नाही

सुट्या भागांच्या स्वरूपात खोक्यातून येणारे आणि घरी आणून जोडावयाचे टेबल, कपाट अथवा पलंग ही वस्तू आता केवळ महानगरांतील सदनिकांपुरती उरलेली नाही. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा असा हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग धाराशिव जिल्ह्याच्या ज्या भागातून जातो, तेथून फारसे दूर नसलेल्या सास्तूरसारख्या गावातही अशी खोकी येऊ लागली आहेत. कोणाचा मुलगा पुण्यात नोकरीस असतो, कोणाची लेक हैदराबादेत नांदते. कोणी भ्रमणध्वनीवरूनच मागणी नोंदवितो. खोक्यात फळ्या असतात, स्क्रू आणि बोल्ट असतात, चित्रांनी भरलेला एक कागद असतो आणि या सर्वांबरोबर काटकोनात वाकविलेली, बोटभर लांबीची, षट्कोनी पोलादी कांब असते. मिस्त्री मंडळी तिला ‘एलन की’ म्हणतात. टेबल उभे राहिले की तिचे काम संपते. ती खिडकीच्या कट्ट्यावर, तेथून फडताळात आणि पुढच्या दिवाळीच्या झाडलोटीत उकिरड्यावर जाते.

या उरलेल्या चाव्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न अग्रलेखाच्या पानावर मांडण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अशा क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूंतच पुष्कळदा मोठे व्यवहार दडलेले आढळतात. ही चावी फुकट मिळते असे आपण समजतो. ती फुकट का मिळते, तिच्याबरोबर आपल्या घरात काय येते आणि गावातून काय निघून जाते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

हवेची वाहतूक

तयार खुर्ची गाडीत घातली तर तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागेचेही भाडे द्यावे लागते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही हवेची वाहतूक होय. व्हिएन्नाच्या थोनेट यांनी १८५९ साली वाफेवर वाकविलेल्या लाकडाची जी प्रसिद्ध खुर्ची बाजारात आणली, तिचे अवघे सहा लाकडी भाग होते आणि अशा छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग एक घनमीटर आकाराच्या पेटीत मावत असत. खुर्ची पोचेल तेथे ती जोडली जाई. अमेरिकेत विल्यम ॲलन यांच्या कारखान्याने १९१० च्या सुमारास डोक्यात षट्कोनी खाच असलेले स्क्रू पुढे आणले. चावीला त्यांचेच नाव चिकटले. स्वीडनच्या ‘आयकिया’ने १९५६ पासून सपाट खोक्यातले फर्निचर आपल्या धंद्याचा पाया बनविले. या कंपनीचे भारतातील पहिले दालन ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादेस आणि महाराष्ट्रातील पहिले दालन डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत उघडले. आज अनेक देशी उत्पादकही हीच पद्धत अनुसरतात.

या पद्धतीने वाहतुकीचा आणि गोदामाचा खर्च वाचतो आणि वस्तू स्वस्त होते, हे निर्विवाद आहे. परंतु जोडणीचे श्रम नाहीसे झालेले नसतात. ते कारखान्याच्या हजेरीपटावरून ग्राहकाच्या रविवारच्या दुपारीत सरकलेले असतात. ती चावी म्हणजे ग्राहकास बिनपगारी कामगार म्हणून नेमल्याचे नियुक्तिपत्रच होय. अर्थात, या नेमणुकीत केवळ तोटाच आहे असे मानण्याचे कारण नाही. आजवर ज्यांच्या हाती कधी औजार आले नव्हते, अशा कित्येकांनी, विशेषतः स्त्रियांनी आणि शाळकरी मुलींनी, आपल्या अभ्यासाचे टेबल स्वतः उभे केले आहे. चित्रावरून रचना समजून घेणे, भागांचा क्रम लावणे, बोल्ट तिरका गेला तर सोडवून पुन्हा बसविणे हे एक शिक्षण आहे. दुर्दैव एवढेच की हे शिक्षण एका दुपारीत सुरू होते आणि त्याच दुपारी संपते.

पाचर आणि चावी

सुटी करून पुन्हा जोडावयाची वस्तू मराठवाड्याच्या शेतकऱ्याला मुळीच नवी नाही. कुळव हे त्याचे उत्तम उदाहरण. दिंड, दांडी, पास, रुमणे हे भाग हंगामाच्या आरंभी जोडावयाचे, पाचर ठोकून घट्ट करावयाचे, आणि काम संपले की सुटे करून आढ्याला टांगावयाचे. पाचर ढिली झाली तर ती शेतातच पुन्हा ठोकता येई आणि झिजली तर सुताराच्या दारी नवी मिळे. पाचर हे एका वेळेपुरते औजार नव्हते. वस्तू टिकेल तोवर तिची सोबत असे.

सुताराचे दार हेच त्या काळी गावाचे औजारघर होते. करवत, रंधा, पटाशी, वाकस ही हत्यारे एका घरी असत आणि त्यांचा उपयोग साऱ्या गावाला होई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मुळीच आवश्यकता नाही. बलुतेदारीने कसब जातीला जखडून ठेवले आणि त्या कसबाचे मोल सुगीच्या वेळी खळ्यावर, मालकाच्या मर्जीने ठरविले. ती व्यवस्था मोडली ते योग्यच झाले. तथापि तिच्याबरोबर एक उपयुक्त गोष्टही मोडली, ती म्हणजे गावात सर्वांना ठाऊक असलेली, दुरुस्तीस जाण्याची एक जागा.

सास्तूरच्या बाबतीत या मोडण्याला एक निश्चित तारीख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर सास्तूरही उद्ध्वस्त झाले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांनी झोपेतल्या माणसांचा बळी घेतला. काही घरांचे लाकडी खण भिंती ढासळल्यावरही उभे राहिले होते. पण भयाने ग्रासलेल्या माणसाला असा भेद करता येत नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षा धरणेही क्रूरपणाचे ठरेल. नवी घरे सिमेंटची झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते आवश्यक होते. परंतु लाकडाचा खण उभारण्याचे, तुळई-खांबांचे सांधे साधण्याचे काम त्यानंतर जवळजवळ थांबले. पुढे ट्रॅक्टरने लाकडी औजारांची गरज कमी केली. अशा रीतीने एका पिढीच्या अवधीत सुताराचे दार गावाच्या नकाशावरून पुसट झाले, आणि त्याच पिढीच्या अखेरीस सुट्या फळ्यांचे खोके दारात येऊन पडले.

याचा परिणाम विलक्षण आहे. पूर्वी गावात औजारांचा एक संच होता आणि उपयोग करणारे अनेक होते. आज घरोघरी एकेक चावी आहे, पण गावात औजारांची पेटी नाही. कोणाच्या नळाची मूठ निखळली अथवा दाराच्या कडीची पकड सैल झाली, तर तेथील बारीक खाचेच्या स्क्रूला लागणारी चावी शेजारच्या फडताळात पडलेली असू शकते. परंतु ती तेथे आहे हे कोणासच ठाऊक नसते. म्हणून माणूस लोहाऱ्यास किंवा उमरग्यास जातो, अर्धा दिवस आणि गाडीभाडे खर्च करतो, आणि अखेरीस नवी वस्तूच विकत घेतो. वस्तूंची विपुलता आणि माहितीचा दुष्काळ ही आपल्या नव्या उपभोगाची खूण आहे.

तीस पैशांचा हिशेब

‘भंगारवाल्यास देऊन टाका’ हे सोपे उत्तर तपासून पाहू. चार मिलिमीटर जाडीच्या साध्या चावीचे वजन सुमारे दहा ग्रॅम भरते. म्हणजे शंभर चाव्यांचा एक किलो. लोखंडाच्या भंगाराला किलोमागे तीस रुपये मिळतात असे धरले, तर एका चावीचे तीस पैसे झाले. तीस पैशांसाठी कोणीही भंगारवाल्याची वाट पाहणार नाही; म्हणूनच ती कचऱ्यात जाते. मात्र अडलेल्या माणसाच्या हाती तीच चावी वेळेवर पडली, तर ती त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचविते. एकाच वस्तूच्या या दोन किमतींमधील अंतर हे केवळ जागेचे आणि माहितीचे अंतर आहे. ते मिटविण्यास भांडवल लागत नाही, व्यवस्था लागते.

कचऱ्यात टाकण्याची तर आणखीही एक किंमत आहे, आणि ती गोठ्यात मोजावी लागते. खेड्यात उकिरडा शेतात जातो. त्यातले स्क्रू, खिळे आणि तारेचे तुकडे वैरणीत मिसळले की गाय अथवा म्हैस ते न चावता गिळते. जनावराच्या जाळीदार पोटात ते अडकतात, पोटाच्या स्नायूंच्या आकुंचनाने पुढे सरकतात, आणि टोकदार तुकडा पडदा भेदून हृदयापर्यंत पोचू शकतो. पशुवैद्यकांना हा विकार चांगला परिचित आहे. चावीपेक्षा तिच्यासोबत उरलेले दोन-चार बारीक स्क्रू यात अधिक घातक ठरतात. ज्या घराचा संसार दुधावर चालतो, त्या घराला असा एक स्क्रू किती महाग पडेल हे निराळे सांगावयास नको.

काय करता येईल

पहिली गोष्ट घराची. प्रत्येक मापाची एक चावी, उरलेले स्क्रू आणि तो चित्रांचा कागद कापडी पिशवीत घालून त्याच टेबलाच्या अथवा कपाटाच्या आतील बाजूस बांधून ठेवावी. भुशाच्या दाबीव फळीत बसविलेले बोल्ट वापराने सैल होतात. काही महिन्यांनी ते पुन्हा आवळले नाहीत तर सांधा हलू लागतो, भोक मोठे होते आणि मग ती फळी दुरुस्तीपलीकडे जाते. घर बदलताना तर चावीवाचून गत्यंतरच नाही. चावीचे टोक झिजून गोल झाले असेल, तर तेवढा भाग ग्राइंडरवर कापून टाकावा. आतली धार पुन्हा कोरी मिळते.

दुसरी गोष्ट गावाची, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. एकाच मापाच्या जास्तीच्या चाव्या घरात साठविण्याचे प्रयोजन नाही. त्या एका सार्वजनिक पेटीत जमा व्हाव्यात. ही पेटी गावाच्या वाचनालयात ठेवावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत वाचनालयांचे जे जाळे उभे राहिले, त्याने आपल्याला एक मोलाची सवय लावली आहे: नोंदवहीत सही करून वस्तू न्यावयाची आणि मुदतीत परत आणावयाची. पुस्तकाला जो नियम लागू आहे, तो पान्याला लागू करण्यास कोणती हरकत असावी? अमेरिकेतील बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ पासून औजारे उसनी देण्याचा विभाग चालविला आहे. आपल्या पेटीचा आरंभ फुकट मिळालेल्या चाव्यांनी होईल. पुढे त्यात एक हातोडा, एक पक्कड, दोन पेचकस आणि एक करवत घालणे ग्रामपंचायतीला जड जाऊ नये.

तिसरी गोष्ट शाळेची. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हातांनी काम करता करता शिकण्याचा अभ्यासक्रम अनेक शाळांपर्यंत नेला. त्या दिशेचे छोटे पाऊल म्हणून आठवीच्या मुलामुलींनी या चाव्यांची मापे घेऊन त्यांची वर्गवारी करावी, तारेत ओवून मापाची चिठ्ठी लावावी, आणि शाळेतील हलणारी बाके त्याच औजारांनी आवळावीत. मिलिमीटर म्हणजे काय, हे फळ्यावर शिकविण्यापेक्षा तीनची चावी चारच्या खाचेत फिरते तेव्हा अधिक चांगले समजते.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप संभवतात. सार्वजनिक पेटीतली वस्तू कोणी परत आणणार नाही, हा पहिला. सामायिक मालकीच्या वस्तूंची नासधूस होते हा अर्थशास्त्रातील परिचित सिद्धांत आहे. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक संपत्तीचा जो अभ्यास केला आणि ज्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा निष्कर्ष असा की जेथे वापरणारे एकमेकांस ओळखतात, नियम स्वतः ठरवितात आणि देखरेखही स्वतः करतात, तेथे सामायिक वस्तू टिकू शकतात. खेड्याइतके परस्परांना ओळखणारे दुसरे ठिकाण कोणते? शिवाय तीस पैशांची चावी हरविली तर गावाचे दिवाळे निघत नाही. सवय लावण्यासाठी आरंभ स्वस्त वस्तूपासून करणे हेच शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप असा की यामुळे उरल्यासुरल्या कारागिराच्या पोटावर पाय येईल. मला उलट वाटते. सैल बोल्ट आवळण्यासाठी कोणीही सुतारास बोलावीत नाही. तो वस्तूच टाकून देतो. दुरुस्तीची सवय असलेल्या गावातच दुरुस्ती करणाऱ्याला काम मिळते. हौशी हाताला आपली मर्यादा कळली की कसबी हाताची किंमत कळते.

उत्पादकांकडेही दोन मागण्या कराव्याशा वाटतात. प्रत्येक चावीवर तिचे माप ठळक कोरलेले असावे. आणि मागणी नोंदवितानाच ‘माझ्याकडे चावी आहे, पुन्हा नको’ असे सांगण्याची सोय ग्राहकास असावी. दोहोंचाही खर्च नगण्य आहे. पण उत्पादकाचे शहाणपण येईतो आपण थांबण्याचे कारण नाही. भूकंपानंतर सास्तूरला बाहेरून पुष्कळ मिळाले, आणि ते कृतज्ञतेने स्वीकारावे लागले. मिळालेली वस्तू जपणे आणि दुरुस्त करणे ही गोष्ट मात्र बाहेरून येत नाही. त्यासाठी वाचनालयातल्या एका कोपऱ्यात एक पेटी आणि एक नोंदवही ठेवावी लागेल. येत्या दिवाळीच्या झाडलोटीपूर्वी एखाद्या वाचनालयाने एवढे केले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.