मोबाइल दप्तरात नको, शाळेच्या कपाटात हवा

मुलांच्या हाती मोबाइल देऊ नका, असे पालकसभेत बजावायचे आणि संध्याकाळी त्याच मुलांचा गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा, हा प्रकार शिरूर-दौंड भागातल्या अनेक पालकांच्या परिचयाचा आहे. म्हणून स्पष्टच लिहितो. मोबाइल वर्गात जरूर यावा, पण तो मुलाच्या दप्तरातून नव्हे, शाळेच्या कपाटातून यावा.

आमच्याकडे अनेक घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रांजणगाव एमआयडीसीत पाळीवर जातो. दौंडच्या उसाच्या पट्ट्यात तोडीला आलेल्या टोळीतल्या मुलाच्या कोपीत साधे चार्जिंग करायचीही सोय नसते. अभ्यास घरच्या फोनवर सोपवला, की हीच मुले आधी मागे पडतात. 2020 मध्ये शाळा बंद असताना हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

फोन आहे तिथेही अभ्यास होतोच असे नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. मोबाइलवर सरसकट बंदी मागणारे हेच आकडे पुढे करतील. पण मुले फोन वापरतातच, हेही त्यातूनच दिसते. तो कामासाठी कसा वापरायचा, हे शाळेने नाही शिकवायचे तर कोणी?

शिक्षकाच्या देखरेखीखाली हे साधन काय करू शकते, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. आज बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड असतात. पण ते स्कॅन करायला शाळेत शाळेचा म्हणून एक तरी फोन आहे का?

दुसरे उदाहरण घरचेच. आपल्या शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित करून जतन केल्या. आज सहावीतली चार मुले एका फोनवर आपल्या आजीची ओवी ध्वनिमुद्रित करू शकतात, ती पुन्हा पुन्हा ऐकून वहीत उतरवू शकतात, अडलेल्या शब्दाचा अर्थ आजीलाच विचारू शकतात. यात ऐकणे, लिहिणे, प्रश्न विचारणे सगळे आले. आणि काम संपले की फोन कपाटात.

त्यासाठी फार मोठा खर्च नाही. प्रत्येक वर्गाला चार-पाच फोन किंवा टॅब, शाळेच्या नावाचे इंटरनेट आणि रेंज नसेल तेव्हासाठी आधीच उतरवून ठेवलेले पाठ एवढे पुरे. रांजणगावच्या कारखान्यांनी सीएसआरमधून, ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून ही सोय करावी. शिक्षकाने स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा किती दिवस खर्चायचा?

दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे, की घरच्या फोनवर गृहपाठ पाठवणे बंद करावे आणि वर्गातल्या वापराचे नियम लेखी द्यावेत. पालकांनीही शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा आणि ठराव करून घ्यावा.

– एक पालक, न्हावरे (ता. शिरूर)