पक्कड खाली ठेवा!

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर घरची साफसफाई उरकलेली असेल. माळा झाडून झाला असेल, रद्दी गेली असेल, आणि भंगारवाल्याने तागडीत घालून नेलेल्या ढिगात एखादा गंजका बिस्किटांचा डबाही गेला असेल. घरातल्या कुणी पोराने कधीकाळी हौसेने उडवलेल्या छोट्या विमानाचे इंजिन त्या डब्यात होते. ते फिरत नव्हते, म्हणून ते गेले. ज्यांच्या घरून ते अजून गेलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि विशेषतः त्यांच्या घरातल्या त्या कर्त्या पुरुषासाठी, जो "आण इकडे, मी बघतो" म्हणत पक्कड शोधू लागतो. मला त्या गृहस्थाशी भांडायचे आहे. तसा मला अधिकारही आहे, कारण तो गृहस्थ एकदा मीच होतो.

१९७४ साली माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सायकलसाठी साठवलेल्या पैशांतून दोन इंजिने घेतली. इंग्लंडातल्या मिल्स इंजिनाच्या नमुन्यावर कलकत्त्यात बनलेली, प्रत्येकी पाऊण सी.सी.ची, म्हणजे पोटात चहाच्या चमच्याचा जेमतेम सातवा हिस्सा मावेल एवढी. दादा कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होता. बाल्साच्या हलक्या लाकडाचे विमान करून, दोन तारा मुठीत धरून, तो ते मैदानात स्वतःभोवती गरगर फिरवी. संध्याकाळी घरी आला की त्याच्या सदऱ्याला ईथर, रॉकेल आणि जळक्या एरंडेलाचा वास येई. आई त्याला आधी मोरीत पाठवी, मग जेवायला वाढी. पुढे नोकरी लागली, बदल्या झाल्या आणि दोन्ही इंजिने डब्यात गेली.

१९९१ च्या दिवाळीत दादा घरी यायचा होता. त्याला चकित करावे म्हणून मी डबा उघडला. दोन्ही इंजिने जाम! मी एक उचलले, वाइसमध्ये आवळले, पुढची दांडी पक्कडीत धरली आणि जोर लावला. 'कट्' असा बारीक आवाज झाला. दांडी फिरली खरी, पण आतला दट्ट्या जागचा हलला नव्हता; दोहोंना जोडणारा कनेक्टिंग रॉड मधोमध मोडला होता. दादाने ते तळहातावर घेऊन पाहिले, "असू दे रे" म्हणाला आणि डब्यात ठेवून दिले. तो डबा त्याने माझ्यासमोर पुन्हा कधी उघडला नाही. तो रागावला असता तर मी ते केव्हाच विसरलो असतो.

आता मूळ मुद्दा. जोर लावणाऱ्याची समजूत अशी, की फिरत नाही ते गंजले, आणि गंजले ते मोडकळीस आले. तेव्हा मोडले तरी काय बिघडले? ही समजूत बहुतेक वेळा साफ चुकीची असते. ते इंजिन चिकटलेले असते, आणि चिकटवणारा पदार्थ तुमच्या आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. लहानपणी नाक दाबून जे आपल्या घशाखाली ओतले जाई, तेच हे एरंडेल!

विमान आणि एरंडेल यांचा संबंध जुना. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातल्या, स्वतःच गरगर फिरणाऱ्या रोटरी इंजिनांना वंगण म्हणून एरंडेलच घालत, आणि त्याचा फवारा नाकातोंडात गेल्याने वैमानिकांच्या पोटाची काय अवस्था होई, ते दिवाळीच्या अंकात न लिहिलेलेच बरे. छोट्या इंजिनांनीही तोच वारसा चालवला. दादाच्या डिझेल जातीच्या इंजिनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समभाग घालत. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ साली ग्लो प्लग बाजारात आणला; त्या जातीच्या इंजिनांना मिथेनॉल लागते, पण वंगणाला जोडीला एरंडेल होतेच. कारण उष्णतेत इतर तेले हार खातात तिथे हे टिकते. मात्र त्याचा एक दोष आहे. तापून आणि पुढे वर्षानुवर्षे हवेत राहून ते घट्ट होते आणि त्याचे पिवळे-तपकिरी रोगण बनते. एवढ्या लहान दट्ट्याला कडी नसते; तो सिलिंडरमध्ये घासून घासून इतका नेमका बसवलेला असतो, की रोगणाचा पापुद्राही त्याला जखडायला पुरतो. म्हणजे ज्या तेलाने इंजिन जगवले, त्यानेच ते कुलूपबंद केले. कुलूप उघडायला किल्ली लागते. आपण दार फोडतो.

दुसरे इंजिन मी २०२१ साली सोडवले. दादा त्याआधी दोन वर्षे गेला. त्याची मुलगी डबा घेऊन आली आणि म्हणाली, "काका, हे टाकून देऊ का?" मी पक्कड कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली बायकोकडे दिली. यात विनोद नाही. मला माझ्या हाताची खात्री नव्हती.

पहिल्या दिवशी फक्त डोक्यावरचा दाब कमीजास्त करण्याचा स्क्रू सैल केला. डिझेल जातीत हे आधी न करणे म्हणजे कडी न काढता दार ओढणे. मग झाकणाच्या बरणीत स्पिरिट घालून इंजिन आठ दिवस बुडवून ठेवले. स्पिरिट रोज पिवळे होई, रोज बदलावे लागे. नवव्या दिवशी ते बाहेर काढून मोकळ्या हवेत पुरते वाळवले, कारण स्पिरिट पेटते. पणत्यांच्या दिवसांत हा उद्योग करणाराने हे पक्के ध्यानात ठेवावे. दहाव्या दिवशी केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दिली. उष्णतेने रोगण मऊ पडते. शिवाय बाहेरचे ॲल्युमिनियम आतल्या पोलादापेक्षा जवळजवळ दुपटीने फुगते, त्यामुळे दांडीची पकड सैलावते. लाकडी पंखा बसवून मी दोन बोटांनी नुसता अंदाज घेतला. हलले नाही. थांबलो. पुन्हा गरम हवा, पुन्हा थेंबभर तेल. अकराव्या दिवशी तो पंखा केसभर सरकला आणि मागे आला. अर्ध्या तासात पुरा फेरा! आत गंजाचा ठिपकाही नव्हता.

यावर शहाणी माणसे म्हणतील, एवढ्याशा खेळण्यापायी अकरा दिवस? आता विजेच्या मोटारी मिळतात, त्यांना ना वास ना चिकटा. कबूल. नुसते विमान उडवायचे असेल तर खुशाल मोटर घ्या. पण अकरा दिवसांतले माझे काम रोज दहा मिनिटांचे होते. बाकीचे काम स्पिरिटने केले. जोर लावणारा वेळ वाचवत नाही, त्याला नुसता धीर नसतो.

दुसरे कुणी म्हणतील, काही इंजिने खरोखरच गेलेली असतात. हेही कबूल. मिथेनॉल ओलावा ओढून घेते. त्यावर चालणाऱ्या इंजिनांतली बॉल बेअरिंगे गंजतात आणि ती बदलावीच लागतात. पण हा निकाल धुऊन, भिजवून, उघडून पाहिल्यावर द्यायचा. तपासण्याआधीच फाशी देणारा न्यायाधीश आपल्याला चालत नाही, मग कारागीर का चालावा? आणि पक्कडीइतकाच वाईट तो कॉस्टिक सोडा! झटपट चकाकी येईल म्हणून एका ओळखीच्या गृहस्थांनी इंजिन त्यात उकळले. सोडा ॲल्युमिनियम खातो. त्यांना चकाकी मिळाली नाही आणि इंजिनही उरले नाही.

पुढच्या रविवारी मी आणि पुतणी गच्चीवर गेलो. इंजिन जाड फळीला घट्ट ठोकले होते. ईथर मिळवायला बरीच खटपट पडली, पण मिळाले. पंख्याला टिचकी मारता मारता बोट सुजले. विसाव्या का पंचविसाव्या टिचकीला ते खोकले, आणि मग एकदम कडाडून सुरू झाले. पुतणी दोन पावले मागे सरली, आणि मग पुढे येऊन तिने तो वास छातीभर घेतला. "बाबांच्या जुन्या पेटीला हाच वास येतो," ती म्हणाली. मिनिटभरात इंधन संपले.

मोडलेले इंजिन अजून माझ्या टेबलावर आहे. दोन्ही एका दिवशी विकत घेतली, एकाच डब्यात राहिली, एकाच तेलाने चिकटली. फरक एवढाच, की एकाला माझा हात आधी लागला.

तेव्हा, वाचकहो, तुमचा डबा अजून माळ्यावर असेल तर तो खाली काढा. स्पिरिटची बाटली आणा, झाकणाची बरणी शोधा. पक्कड मात्र कपाटात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या.