दिवेलागणीचे पथ्य

आमच्या वाशीम जिल्ह्यातील चिकित्सालयांत अलीकडे एक दृश्य नित्याचे झाले आहे. मूल जेवत नाही, रात्री उशिरापर्यंत झोपत नाही, सारखे डोळे चोळते, अशी तक्रार घेऊन आई येते. तपासणीच्या वेळी मुलाच्या हाती मोबाईल असतो. तो बाजूस ठेवावयास सांगितला, की आईच म्हणते, "राहू द्या ना डॉक्टरसाहेब, नाही तं रडते तो." निदान तेथेच होते, अडते ते चिकित्सेपाशी.

असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम ही रोगांची त्रिविध कारणे आपणां सर्वांस पाठ आहेत. अतितेजस्वी वस्तूंचे अतिदर्शन हा चक्षुरिंद्रियाचा अतियोग आणि अतिजवळून पाहणे हा मिथ्यायोग, असे चरकाचार्यांनी सांगितले. मोबाईलच्या पडद्यापाशी हे दोन्ही एकत्र येतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये एक वर्षाखालील बालकांस पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षे वयाच्या बालकांस दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये, असे सुचविले आहे.

परंतु येथे प्रज्ञापराध कोणाचा? बालकाचा तर निश्चितच नव्हे. या संदर्भात एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. एके रात्री जेवताना आम्ही रुग्णांच्या संदेशांस उत्तरे देत होतो. मुलगी शाळेतील काही हकिकत सांगत होती आणि आम्ही 'हं, हं' करीत होतो. अखेर तिने विचारले, "बाबा, मी आत्ता काय सांगितलं?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्याच दिवशी सकाळी एका पालकास याच विषयावर आम्ही दहा मिनिटे उपदेश केला होता!

या प्रश्नावर महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ मध्ये दोन भिन्न मार्ग अनुसरले. आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. तत्पूर्वी, ऑगस्टमध्ये, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळा उपाय योजिला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवले जात. तो नियम लहानथोर सर्वांस सारखाच होता.

बान्सीच्या ग्रामस्थांची कळकळ आम्हांस पूर्णतः मान्य आहे. तथापि २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा हाच मोबाईल शिक्षणासाठी आपणच मुलांच्या हाती दिला. हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव पाहण्यासाठी शेतकऱ्यासही तो लागतो. जी वस्तू घरात राहणारच आहे, ती केवळ मुलांपुरती निषिद्ध ठरविली, तर वडीलधाऱ्यांचा हात पाहून शिकणारे मूल त्या निषेधाचा अर्थ काय घेईल? म्हणूनच वडगावचा मार्ग आम्हांस अधिक शास्त्रानुकूल वाटतो. अंगवळणी पडलेले अपथ्य एकाएकी न सोडता पादांशक्रमाने, म्हणजे चतुर्थांशा-चतुर्थांशाने सोडावे आणि रिक्त झालेल्या जागी तेवढेच हितकर योजावे, हा आपल्या संहितांचाच आदेश आहे. दिवेलागणीनंतरचा दीड तास हा असाच एक अंश होय.

मात्र ती रिकामी जागा भरली नाही, तर मूल पुन्हा पडद्याकडेच वळेल. यासाठी आम्ही पादाभ्यंग सुचवितो. रात्री निजण्यापूर्वी आईने अथवा वडिलांनी मुलाच्या तळपायांस कोमट तीळतेल हलक्या हाताने चोळावे. पादाभ्यंगाने दृष्टी प्रसन्न राहते, हे शास्त्रवचन सर्वश्रुत आहे. यात आणखीही एक लाभ आहे. तेलाच्या हातांनी मोबाईल धरता येत नाही आणि पाय चोळून घेणारे मूल आपसूकच बोलू लागते.

वैद्यबंधू-भगिनींस आमची नम्र विनंती अशी, की आहार, निद्रा व मलप्रवृत्ती यांच्या जोडीने रुग्णपत्रकात पडद्याच्या वेळेचीही नोंद घ्यावी. मुलाची आणि त्याच्या आईवडिलांचीही. त्यासोबत आपल्या घरीही सात ते साडेआठ हा नियम सुरू करावा. आत्ययिक रुग्णांसाठी फोनची घंटा अवश्य चालू ठेवावी. संदेश मात्र साडेआठनंतर पाहावेत. रुग्ण तेवढे थांबतात, असा आमचा गेल्या काही महिन्यांचा अनुभव आहे. मुलांचे वय मात्र थांबत नाही. जे पथ्य वैद्य स्वतः पाळीत नाही, ते त्याने दुसऱ्यास कोणत्या तोंडाने सांगावे?