कापडाच्या भिंतींचें घर

दिवाळी उलटली, फराळाचे डबे तळाला लागले, कीं घरोघर नाताळच्या सुटीचे बेत सुरू होतात. कोणी हॉटेलांत खोल्या राखून ठेवतात, कोणी तीर्थयात्रेस निघतात, तर कोणी घरींच बसून मुलांच्या परीक्षेची काळजी वाहतात. या तिन्ही मार्गांस आमचा आक्षेप नाहीं; परंतु या महिन्यांत आम्ही चौथ्या मार्गाची शिफारस करणार आहों. तो मार्ग तंबूचा. दोन रात्रींचा मुक्काम, मोकळें माळरान, हाकेच्या अंतरावर गांव, वर आकाश आणि मध्यें कापडाच्या भिंतींचें एक घर. यास खर्च थोडा व सामान थोडें. तयारी मात्र पुष्कळ. या तयारींतच सहलीचा अर्धा आनंद व तिची सारी शिकवण सांठविलेली आहे, असें आमचें अनुभवान्तीं मत झालें आहे.

"तंबू हें साहेबाचें खूळ, आपल्या घरांत तें कशाला?" असें कोणी वडीलधारे म्हणतील. त्यांस आमची नम्र विनंती अशी कीं, त्यांनीं अमरकोश उघडून पाहावा. शिबिर हा शब्द तेथें आहे, आणि कापडी घरास 'दूष्य' असें नांवहि आहे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत राजपुत्र अज इंदुमतीच्या स्वयंवरासाठीं विदर्भाकडे निघतो, तेव्हां वाटेवर त्याचे मुक्काम वस्त्रगृहांतच होतात. आणि नर्मदेच्या कांठीं तळ पडला असतां पाण्यांतून एक रानहत्ती वर येऊन सारी छावणी उधळून लावतो. मराठींत तर या घराच्या लहानमोठ्या रूपांस पाल, राहुटी, डेरा, तंबू, शामियाना अशीं नांवेंच नांवें आहेत. ज्या वस्तूस इतके शब्द लागतात, ती त्या भाषेच्या लोकांस परकी कशी असेल? आजहि आळंदीहून पंढरपुरास निघालेल्या दिंड्यांच्या राहुट्या दर मुक्कामीं उभ्या राहतात व पहाटे मोडतात. उद्यांच्या मुक्कामास काय लागेल आणि काय लागणार नाहीं, हें वारकऱ्यांस जितकें नेमकें ठाऊक असतें, तितकें आम्हां शहरवासीयांस आमच्या घरांतलेंहि ठाऊक नसतें.

साहेबापासून घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. इंग्लंडांत बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालच्या ऑगस्टांत ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें. श्रीमंतांच्या शाळांतील मुलें व कामकऱ्यांचीं मुलें त्यांनीं मुद्दाम एकत्र ठेविलीं. त्याच शिबिरांतून पुढें जगभर पसरलेली बालवीर चळवळ निघाली. तंबूंत ओसरी नाहीं, माजघर नाहीं, स्वयंपाकघराचें दारहि नाहीं. त्यामुळें कोण काम करतो आणि कोण बसून राहतो, हें सर्वांच्या डोळ्यांपुढें येतें. एकत्र कुटुंबास तंबूची गरज आहे असें आम्ही म्हणतों, तें याचसाठीं.

तयारीचा आरंभ यादीनें करावा. यादी घरांतील सर्वांत लहान लिहित्या मुलाकडून लिहवून घ्यावी व सर्वांत वडील माणसानें तपासावी. तिचे भाग तीन : निवारा, अन्न आणि औषध. प्रत्येक वस्तूपुढें ती सांभाळणाऱ्याचें नांव लिहावें. नांवें लिहितांना सर्व कामें एकाच्या वा दोघींच्या वांट्यास आलीं, असें दिसूं लागलें, तर यादी फाडून पुन्हां करावी. 'लागेल' आणि 'लागलें तर' असे वस्तूंचे दोन वर्ग असतात. दुसऱ्या वर्गांतून औषधें, विजेरी, दोरी आणि पावसाचें कापड एवढेंच ठेवून बाकीच्यांवर निर्दयपणें रेघ मारावी. परत आल्यावर जी वस्तू पिशवींतून बाहेरच निघाली नाहीं, तिच्यापुढें खूण करावी. दोन-तीन वर्षांत यादी अर्धी होते, आणि घरांतहि आपण काय काय उगाच सांभाळीत बसलों आहों, याचा विचार मनांत येऊं लागतो.

तंबू हल्लीं नायलॉन-पॉलिएस्टरचे मिळतात. दोघांचा तंबू दोन-तीन किलोंत बसतो. पूर्वीच्या जाड किंतानाच्या तंबूस बैलगाडी लागे. नवा तंबू प्रथम घरींच उभारून पाहावा. वाड्याचें अंगण उरलें नसेल, तर गच्चीवर उभारावा. तेथें खुंटी ठोकतां येत नाहीं, म्हणून तणावे पाण्यानें भरलेल्या बादल्यांस बांधावे. एक रात्र मुलांस त्यांत निजूं द्यावें. अंधाराचें जें कांहीं भय असेल, तें घराच्या गच्चीवरच फिटतें. अंथरुणाविषयीं एक नियम ध्यानांत ठेवावा : थंडी वरून जितकी लागते, तितकीच खालून लागते. जमीन अंगाची ऊब ओढून घेते. म्हणून वर दोन रजया घेण्यापेक्षां एक खालीं घालावी. खालीं ताडपत्री, तिच्यावर चटई व घोंगडी असली, कीं पौषांतली रात्रहि सुखानें जाते.

अन्नाची तयारी म्हणजे पक्वान्नें नव्हेत. आपल्या आज्या-पणज्या प्रवासास दुधांत भिजविलेल्या दशम्या नेत. त्या दोन दिवस मऊ राहतात. त्यांच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी व मेतकूट घ्यावें. तांदूळ व मुगाची डाळ घरींच मोजून, मीठ-हळद घालून, एकेका जेवणाच्या पुरचुंड्या बांधाव्या. मग तेथें निवडणें नको आणि मोजणेंहि नको.

जागा कोणती निवडावी? आम्हांस प्रवरेवरील भंडारदऱ्याचा परिसर प्रिय आहे. अकोले तालुक्यांतील हें धरण १९२६ सालीं पुरें झालें. एका बाजूस १६४६ मीटर उंचीचें, महाराष्ट्रांतील सर्वोच्च असें कळसूबाईचें शिखर, दुसरीकडे रतनगड, आणि रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन देवालय. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस उंबरठ्यावर आला असतां, येथील झाडें काजव्यांनीं लखलखतात; परंतु कुटुंबासाठीं हिंवाळाच उत्तम. जमीन कोणाची तें विचारून, परवानगी घेऊन, गांवकऱ्यांच्या शेतांत रास्त मोबदला देऊन उतरावें. वनखात्याच्या जागेंत व संरक्षित किल्ल्यांवर विचारल्यावांचून तळ ठोकूं नये.

दिवस मावळण्याच्या दोन तास आधीं पोंचावें. कोरड्या ओढ्याच्या पात्रांत, जलाशयाच्या अगदीं कांठीं, एकट्या उंच झाडाखालीं किंवा वाळक्या फांदीखालीं तंबू उभारूं नये. तंबूचें दार वाऱ्याकडे पाठ करून असावें व डोकें चढाकडे येईल असें अंथरावें. खुंटी सरळ न ठोकतां, तिचें डोकें तंबूपासून दूर झुकेल अशी तिरपी ठोकावी, म्हणजे तणावा सुटत नाहीं. अजाच्या छावणीवर आला तसा हत्ती आपल्यावर येणार नाहीं. पण डोंगरावरून उतरणारा पहाटवाराहि कांहीं कमी नसतो.

गेल्या पौषांत आमचीं ११ माणसें या परिसरांत उतरलीं होतीं. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं ४ लिटर पाणी धरलें, तरी दिवसास ४४ लिटर झालें, भांड्यांचें निराळें. यादींत पाण्यापुढें आमच्या थोरल्या चिरंजीवाचें नांव आलें होतें. कचेरींत त्याच्या हाताखालीं पुष्कळ माणसें आहेत; येथें मात्र गांवच्या विहिरीवरून दोन्ही हातांत कॅन घेऊन तो स्वतः खेपा घालीत होता. चौथ्या खेपेस कॅन खालीं ठेवून त्यानें विचारलें, "आई, इतकें पाणी रोज लागतें?" आमच्या कुटुंबानें खिचडी ढवळतां ढवळतां उत्तर दिलें, "घरीं नळ आहे रे, म्हणून पाणी दिसत नाहीं. भांडीं तितकींच असतात." तो कांहीं बोलला नाहीं. घरीं आल्यापासून रात्रीचीं भांडीं मात्र तो घांसतो, आणि अजून त्यांत खंड पडलेला नाहीं.

त्याच रात्रींची दुसरी गोष्ट. आमच्या घरीं, पुष्कळ घरीं असतें त्याप्रमाणें, पुरुषांची व मुलांची पंगत आधीं होते आणि सुना मागून बसतात. यास कोणाची दुष्ट बुद्धि कारण नसते. वाढणारा कोणी हवा, इतकेंच. तळावर कंदील एकच होता, म्हणून पंगतहि एकच झाली. पातेलें मध्यें, ज्यानें त्यानें आपलें घ्यावें. गरम खिचडी आपणहि सर्वांच्या बरोबर खाऊं शकतों, हें धाकट्या सूनबाईंस इतक्या वर्षांनंतर एका तंबूनें दाखवावें, याचा आम्हांस आनंद झाला, आणि खेदहि वाटला.

जेवणें झाल्यावर विजेऱ्या विझवाव्या. तिथि निवडतांना पंचांग पाहून अमावास्येच्या आसपासचे दिवस धरावे; चांदण्या रात्रीं ताऱ्यांचें तेज लोपतें. मार्गशीर्ष-पौषांत रात्रीं कृत्तिका व रोहिणी डोक्यावर येतात, त्यांच्यामागून मृग आणि व्याध. उत्तरेस ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे येथें साडेएकोणीस अंश वर असतो. हात लांब करून धरलेली एक मूठ सुमारें दहा अंशांची, तेव्हां क्षितिजापासून दोन मुठींवर त्यास शोधावें. मध्यरात्रीनंतर अगस्त्य दक्षिणेस जवळजवळ तितक्याच उंचीवर येतो, आणि हे दोघे वृद्ध एकमेकांकडे पाहत उभे आहेत असें वाटतें. डिसेंबरच्या १३-१४ तारखांच्या सुमारास मिथुन राशीच्या बाजूनें उल्का पडतांना दिसतात. ज्या नातवास भूगोलाचें पुस्तक पाहतांच जांभई येई, तो त्या रात्रीं दोन वाजेपर्यंत जागा राहून उल्का मोजीत होता.

आतां दक्षतेचे चार शब्द. तंबूंत शेगडी, निखारे किंवा गॅसची चूल कदापि पेटती ठेवूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला माणूस त्यानें उठतच नाहीं. थंडी असली तरी हवेचा झरोका मोकळा ठेवावा. तसें केल्यानें श्वासाची वाफ आंतल्या कापडावर ठिबकतहि नाहीं. हिंवाळ्यांत गवत वाळलेलें असतें, म्हणून शेकोटी दूर, मोकळ्या जमिनीवर करावी व निजण्यापूर्वीं पाणी ओतून विझवावी. आग्या मोहोळाच्या जवळपास धूर करूं नये. बूट झटकून घालावे. सर्पदंश झाल्यास कापणें, चोखणें, आवळून बांधणें यांपैकीं कांहीं न करतां, माणसास हलूं न देतां, १०८ क्रमांकास हांक देऊन प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयांत न्यावें. आणि धरणाच्या पाण्यांत, पोहतां येत असलें तरीहि, कोणीं उतरूं नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याच्या तळाचा चिखल आपणांस दिसत नाहीं.

वडील माणसांस मागें ठेवूं नये. आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांस घडीची एक लहान खाट व रक्तदाबाच्या गोळ्या एवढीच सवलत पुरते. म्हाताऱ्यांस चुलीचें लांकूड कोणतें व वारा कोणत्या दिशेचा, हें अजून कळतें. तळावर त्यांच्या ज्ञानास गिऱ्हाईक मिळतें. घरांत ज्यांचें कोणी ऐकत नाहीं, त्यांस तेथें मुलें प्रश्न विचारतात.

निघतांना जागा आलों तेव्हां होती तशीच, किंबहुना अधिक स्वच्छ करावी. कचरा पिशवींत भरून परत आणावा. घरीं पोंचल्यावर कितीहि थकवा असला, तरी तंबू उलगडून सावलींत पूर्ण वाळवावा. दमट घडी केली तर महिन्याभरांत बुरशी धरते. मग चार-सहा किलोंची ती गुंडाळी माळ्यावर जाते, आणि मोठें घर पुन्हां आपल्या भिंतींसह उभें राहतें. त्या भिंतींआड कोण कसलें काम करीत आहे, हें दोन रात्रींनंतर थोडें अधिक दिसूं लागलें, तर तंबूचें मोल वसूल झालें असें समजावें. वाचकांनीं या सुटींत यादी करावयास बसावें, इतकें सुचवून आम्ही या महिन्यापुरती रजा घेतों.